तूट सगळ्यांचीच, पक्षापक्षांत फरक कुठे पडतो ते सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका तरुणाने २०२४ च्या विधानसभेचे महायुती आणि महाविकास आघाडी यांचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचले. एक म्हणतो त्यांनी राज्य कर्जात घातले, दुसरा म्हणतो यांनी. एकाकडे आरोग्याचे पाच लाखांचे कवच, दुसऱ्याकडे पंचवीस लाखांचे. ते विचारतात : 'तुम्ही आयुष्यभर कोषागारात काढलेत. अर्थव्यवस्था, तूट आणि आरोग्य या तिन्हींवर कोणाचे धोरण बरे, ते आडपडदा न ठेवता सांगा.'

आडपडदा न ठेवता सांगायचे तर तुटीचा आकडा बघून सत्तेत कोण आहे हे ओळखता येत नाही. मी वित्त व लेखा सेवेत होतो. कोषागार, मग जिल्हा परिषदेचा वित्त विभाग, परत कोषागार, असा फिरलो. युतीचे राज्य पाहिले, आघाडीचे पाहिले, पुढे महायुती आणि महाविकास आघाडी अशी जोडकामे आली तीही पाहिली. सरकार बदलले की योजनांची नावे बदलतात, फलकावरचे फोटो बदलतात. खर्चाचा सांगाडा फारसा हलत नाही.

त्याला कारण आहे. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. त्यानुसार राजकोषीय तूट, म्हणजे उत्पन्न पुरत नाही म्हणून वर्षात काढावे लागणारे कर्ज, राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवायची. वर संविधानाचा अनुच्छेद २९३ आहे. केंद्राचे देणे डोक्यावर असेपर्यंत राज्याला बाजारातून कर्ज उचलायलाही दिल्लीची संमती लागते. म्हणजे मुंबईत कोणीही बसो, कर्जाचा दोर एका लांबीपलीकडे जात नाही. १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलेला अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा होता. त्यात राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. आकडा ऐकून छाती दडपते, पण मर्यादेत आहे. विरोधक 'राज्य विकायला काढले' म्हणाले. तेच विरोधक सत्तेत होते तेव्हा आजचे सत्ताधारी हेच वाक्य म्हणायचे.

केंद्रातही तेच. तुटीला वेसण घालणारा कायदा २००३ मध्ये वाजपेयी सरकारने केला आणि जुलै २००४ मध्ये तो लागू केला मनमोहनसिंग सरकारने. २००७-०८ मध्ये तूट अडीच टक्क्यांवर आली होती. मग शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग आणि जागतिक मंदी एकत्र आली आणि एका वर्षात ती ६ टक्क्यांवर गेली. मोदी सरकारने ती २०१८-१९ पर्यंत ३.४ टक्क्यांवर आणली. कोरोनाच्या वर्षात ती ९ टक्क्यांच्या वर गेली आणि २०२४-२५ मध्ये ४.८ टक्क्यांपर्यंत खाली आली. संकट आले की सगळ्यांची तूट फुगते, ओसरले की सगळे आवरते घेतात. यात विचारसरणी शोधू नका.

लपवालपवीतही कोणी कोणाला हसू नये. काँग्रेसच्या काळात तेल कंपन्यांना अनुदानाऐवजी रोखे दिले. खर्च आज झाला, फेड पुढच्या सरकारांच्या गळ्यात पडली. भाजपच्या काळात अन्न महामंडळाला अनुदान द्यायचे सोडून अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावले, म्हणजे तूट कागदावर कमी दिसावी. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ते कर्ज एकदाचे उघड्यावर आणून हिशेबात घेतले. हिशेबनीस म्हणून मला त्या दिवशी बरे वाटले, इतकेच.

मग बघायचे काय? तुम्ही कारखानदार आहात, म्हणून तुमच्याच व्यवहारातले सांगतो. नवीन माग घ्यायला बँकेचे मुदत कर्ज काढले तर ते माग चालवून फिटते. कामगारांचा पगार दर महिन्याला कॅश क्रेडिटमधून भागवायला लागलात की बँकेचा मॅनेजर चहा पाजायचा बंद करतो. सरकारच्या हिशेबात पहिल्या प्रकाराला भांडवली खर्च म्हणतात. दुसऱ्या प्रकाराचे मोजमाप म्हणजे महसुली तूट, आणि राज्याची ती २०२५-२६ साठी ४५,८९१ कोटी धरली होती. याचा अर्थ, काढलेल्या कर्जातला जवळजवळ एक तृतीयांश भाग रोजच्या खर्चात जाणार. १.३६ लाख कोटींपेक्षा हा आकडा मला जास्त सांगून जातो.

कर्ज कशासाठी काढतात, इथे मात्र पक्षांचे रंग दिसू लागतात.

केंद्रात भाजपचा कल बांधकामाकडे आहे. २०२०-२१ मध्ये केंद्राचा भांडवली खर्च साधारण सव्वाचार लाख कोटी होता. २०२५-२६ साठी ११.२१ लाख कोटींची तरतूद केली. राज्यांनाही पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज दिले जाते, पण ते भांडवली कामांसाठीच. जोडीला सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर मूळ २२ टक्क्यांवर आणला. त्यात सरकारने स्वतःच १.४५ लाख कोटींचे उत्पन्न सोडल्याचे सांगितले होते. विचार असा, की रस्ते, रेल्वे, वीज सरकारने करावी, करसवलत कारखानदाराला द्यावी, मग तो गुंतवणूक करील आणि रोजगार येईल. रस्त्यांचा भाग सोलापूरकराला डोळ्यांनी दिसतो. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर, कुठेही निघा, चौपदरी आहे. करसवलतीचा भाग मला आमच्याकडे दिसला नाही, कारण शहराच्या पूर्व भागातले निम्मेअधिक यंत्रमागधारक कंपनी कायद्यातच बसत नाहीत. मालकी किंवा भागीदारी संस्थेला त्या २२ टक्क्यांचा काय उपयोग?

काँग्रेसचा कल हक्काच्या कायद्यांकडे राहिला. २००५ चा रोजगार हमी कायदा, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा. विचार असा, की खालच्या माणसाच्या हातात पैसा आणि ताटात अन्न गेले की मागणी वाढते आणि बाजार आपोआप हलतो. त्यातूनच २०१९ ची वर्षाला ७२ हजारांची 'न्याय' योजना आणि २०२४ ची गरीब घरातल्या महिलेला वर्षाला एक लाखाची घोषणा आली.

गंमत अशी, की गेल्या काही वर्षांत या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या. 'रेवडी' म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी २८ जून २०२४ ला लाडकी बहीण आणली. महिना १५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. विधानसभेच्या प्रचारात ते २१०० करू म्हणाले, आघाडी ३००० म्हणाली. कर्जमाफीचेही तेच. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने दीड लाखांपर्यंत केली, २०१९ च्या डिसेंबरात ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंत. एकाने छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले, दुसऱ्याने महात्मा फुल्यांचे.

पेन्सिल घेऊन एक गुणाकार करा. लाभार्थी सोयीसाठी २ कोटी ४० लाख धरू. दीड हजाराने वर्षाचे ४३,२०० कोटी होतात, २१०० ने ६०,४८० कोटी आणि ३००० ने ८६,४०० कोटी. शेवटचा आकडा २०२५-२६ च्या सगळ्या राजकोषीय तुटीच्या साठ टक्क्यांहून मोठा आहे. हे पैसे कुठून येणार ते एकाही जाहीरनाम्यात पटेल असे लिहिलेले मी वाचले नाही. निवडणूक झाल्यावर काय झाले? २१०० सोडाच, २०२५-२६ ला तरतूद ३६ हजार कोटींवर आली आणि पडताळणी सुरू झाली. आघाडी आली असती तर ३००० चे वेगळे काही झाले असते, असे मानायला माझ्याकडे आधार नाही.

माझा या योजनेला तत्त्वतः विरोध नाही, हेही लिहून ठेवतो. सोलापूरच्या विडी घरकुलात, नीलम नगरात त्या पैशाने किराण्याची उधारी फिटते, मुलीची फी जाते. दर हजारी मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईला तो दीड हजार फार मोठा आहे. माझा आक्षेप एवढाच, की पैसा कुठून आणणार ते सांगितले जात नाही. आणि महाराष्ट्राने हे एकदा नीट करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात हा सगळा जिल्हा खडी फोडत होता. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. तुमच्या कारखान्यातल्या क्लार्कच्या पगारातून महिना दोनशे रुपये कापता ना, तो हाच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरायचे, असे सांगून सवरून केले. कायदा १९७७ मध्ये झाला. योजना ही, कर हा, भरणारा हा. आज एकही पक्ष अशी तीन वाक्ये एकापुढे एक लिहायला धजावत नाही.

आता आरोग्य. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पाच लाख विरुद्ध पंचवीस लाख या भांडणात तो पार झाकला जातो.

आधी वंशावळ बघा. १९९७ मध्ये शिवसेना-भाजप युतीने जीवनदायी आरोग्य योजना आणली, मोजक्या मोठ्या आजारांसाठी. २ जुलै २०१२ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने तिला राजीव गांधी जीवनदायी असे मोठे रूप दिले. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यात सोलापूर होते. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७० च्या वर उपचार. पुढे भाजप-सेनेने तिचे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण केले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. महाविकास आघाडीच्या काळात, एप्रिल २०२० पासून, दोन्ही योजना राज्यात एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ मध्ये महायुतीने पाच लाखांचे कवच पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही देण्याचा निर्णय घेतला. आता सांगा, ही योजना कोणाची? प्रत्येकाने एक एक मजला चढवला आहे आणि प्रत्येक जण सबंध इमारतीवर आपली पाटी लावतो.

केंद्राच्या योजनेत एक खरी भर आहे, ती मान्य करायला हवी. तिचे कार्ड राज्याबाहेरही चालते. सोलापूरला कलबुर्गी, विजयपूर भागातून रुग्ण येतात, आपले लोक हैदराबादला जातात. राज्याच्या योजनेची मर्यादा हद्दीपाशी संपायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता केंद्राच्या योजनेत घेतले, तेही चांगले झाले. काँग्रेसने राजस्थानात सत्तेत असताना रक्कम पंचवीस लाखांवर नेली, मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदाही केला. म्हणजे दिशा दोघांचीही विम्याची आहे. फरक रकमेचा.

आणि नेमकी तिथेच माझी तक्रार आहे. ज्या कुटुंबाला वर्षात पाच लाखांवर उपचार लागतात अशी कुटुंबे मोजकी. मर्यादा पाचाची पंचवीस केल्याने जाहीरनाम्याला उठाव येतो, पण बहुतेक घरांच्या खिशाला त्याचा स्पर्श होत नाही. त्यांचा पैसा जातो दुसरीकडेच.

पूर्व भागातली एखादी विडी कामगार बाई घ्या. वय पंचावन्न, सूप मांडीवर घेऊन वाकून बसण्यात जन्म गेला, तंबाखूची धूळ छातीत. बीपी आहे, शुगर आहे. महिन्याच्या गोळ्या ती औषधाच्या दुकानातून घेते. पैसे नसले की गोळी एक दिवसाआड. काही वर्षांनी छातीत कळ येते. मग मात्र सगळी यंत्रणा जागी होते. पिवळे कार्ड आहे, योजनेची कागदपत्रे बघणारा आरोग्यमित्र आहे, ऑनलाइन मंजुरी येते, योजनेतल्या खासगी रुग्णालयात स्टेंट बसतो आणि पैसे शासन भरते. जीव वाचतो, ही छोटी गोष्ट नाही. २०१२ पूर्वी याच बाईच्या घरच्यांनी मंगळसूत्र सावकाराकडे ठेवले असते. डिस्चार्जनंतर काही दिवसांची औषधे पॅकेजात मिळतात. ती संपली की बाई पुन्हा त्याच औषधाच्या दुकानासमोर उभी. ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाची आहे, रोजचा बाह्यरुग्ण तिच्यात बसत नाही. ज्या गोळीने स्टेंट टळला असता तिला पॅकेज नाही, स्टेंटला आहे.

ती गोळी कोणी द्यायची? महापालिकेच्या दवाखान्याने, प्राथमिक आरोग्य केंद्राने, सिव्हिलने. त्यासाठी लागतात औषधे आणि माणसे, म्हणजे विम्याच्या हप्त्याबाहेरचा रोजचा खर्च. इथे सगळे पक्ष गप्प. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये आले. २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, असे त्यात आहे. काँग्रेसने २०१९ च्या जाहीरनाम्यात ३ टक्के लिहिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये हा खर्च १.१५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के. लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, नाकारणार नाही, पण २०२१-२२ हे कोरोनाचे वर्ष होते हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचा. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना सांगितले होते, अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घाला. महाराष्ट्र ४ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान घुटमळतो. श्रीमंत राज्य, आणि हा आकडा कुठल्याही मुख्यमंत्र्याच्या काळात फार वर सरकला नाही.

तामिळनाडूकडे बघा. १९९४ मध्ये तिथे औषधखरेदीसाठी सरकारी महामंडळ काढले. त्यानंतर द्रमुक आणि अण्णाद्रमुक आलटून पालटून सत्तेत आले, एकमेकांचे तोंड बघत नाहीत असे पक्ष. पण त्या महामंडळाला कोणी हात लावला नाही. गोदामातला साठा संगणकावर दिसतो, दवाखान्याला पासबुक असते, औषध पोचते. आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, ते जमेना म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वेगळे प्राधिकरण केले. मधल्या वर्षांत तीन वेगवेगळी सरकारे होऊन गेली. औषध वेळेवर न मिळण्यात कोणीच कमी पडले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

एक बारकावा सोलापुरात हमखास विचारला जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सरकारी दवाखान्यांतली सेवा मोफत केली, मग सिव्हिलमध्ये पावती का फाडतात? तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांसाठी होता. आपले सिव्हिल डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. दोन विभाग, दोन मंत्री, अर्थसंकल्पात पैशाच्या दोन वेगळ्या मागण्या, आणि रुग्ण एकच. विधानसभेत दोन्ही बाजूंची भाषणे मी ऐकली आहेत. आरोग्याची ही फाळणी मोडू, असे कोणी म्हणताना ऐकले नाही.

डाव्यांचे म्हणणे इथे वेगळे आहे. विम्याचा पैसा खासगी रुग्णालयांकडे जातो, तोच सरकारी दवाखान्यात घाला, आणि त्यासाठी अतिश्रीमंतांवर कर लावा, असे ते म्हणतात. पैसा कुठून याचे उत्तर निदान ते देतात. ते पुरेसे आहे का, यावर वाद घालता येईल. केरळात आरोग्य केंद्रे चांगली चालतात, पण पगार आणि निवृत्तिवेतनाने त्या राज्याची तिजोरी कायम टेकीला आलेली असते. आम आदमी पक्षाच्या मोहल्ला दवाखान्यांची कल्पना मला आवडली होती. मात्र दिल्लीच्या शिलकी अर्थसंकल्पाचे दाखले देऊ नका. दिल्ली सरकारला पोलिसांचा खर्च नाही आणि निवृत्तिवेतनाचा भार केंद्रावर. तसे ओझे उतरवले तर महाराष्ट्रही शिलकीत येईल.

निवृत्तिवेतनाचा विषय निघाला म्हणून सांगतो, मी स्वतः जुन्या पेन्शनवर आहे, तेव्हा या एका मुद्द्यावर माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन आघाडी सरकारने बंद केली. आता तोच गट ती परत आणू म्हणतो, आणि महायुतीने केंद्रापाठोपाठ २०२४ मध्ये एकीकृत योजनेचा मधला मार्ग काढला.

आता कोषागाराच्या खिडकीमागून काय दिसते ते. पक्षाचा खरा अग्रक्रम जानेवारी ते मार्चमध्ये कळतो. अर्थसंकल्पात शंभर रुपये लिहिलेले असतात, बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, साठ-सत्तरच सुटतात. बाकीचे 'पुढील आदेशापर्यंत'. पगाराचे बिल अडत नाही, पेन्शन अडत नाही, व्याज तर मुंबईतूनच जाते. निवडणुकीच्या आधीची थेट खात्यात जाणारी योजनाही अडत नाही. अडते काय? आरोग्यखर्चाचे जे लेखाशीर्ष २२१०, म्हणजे हिशेबातले खाते, त्यातले उद्दिष्ट २१, 'पुरवठा व सामग्री', म्हणजे औषधे, रसायने, एक्स-रे फिल्म. अडते कंत्राटी नर्सचे मानधन, कारण राष्ट्रीय आरोग्य अभियानात ६० टक्के केंद्राचे, ४० राज्याचे आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. ३१ मार्चला संध्याकाळी अचानक अनुदान टाकले जाते. मग आरोग्य खात्याचा लेखापाल फाइल काखोटीला मारून धावत येतो. बिलावर आक्षेप निघाला तर दुरुस्तीला वेळ नाही, आणि रात्री बाराला सिस्टीम बंद. अनुदान व्यपगत, म्हणजे परत गेले. वर्षभर दवाखान्यात औषध नव्हते आणि कागदावर मात्र 'निधी खर्च करण्यात कार्यालय अपयशी'. हे मी एका पक्षाच्या राज्यात पाहिले असते तर नाव घेतले असते.

अपवाद एक आठवतो. ४ मे २०२० चा शासननिर्णय. कोरोनात महसूल आटला तेव्हा ठाकरे सरकारने विकासखर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादा घातली, नवी भरती थांबवली, पण आरोग्याला त्यातून वगळले. अग्रक्रम लेखी ठरवला, म्हणून तो पाळला गेला. उलट उदाहरणही ताजे आहे. २०२५ मध्ये महायुती सरकारने सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी लाडकी बहीणकडे वळवल्यावर त्याच सरकारातल्या मंत्र्याने जाहीर नाराजी दाखवली. जुलै २०२४ मध्ये अर्थसंकल्प मांडून पंधरा दिवस होतात न होतात तोच ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी मागणी ही अडचणीसाठी असते. पंधरा दिवसांत कसली अडचण येते?

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण मात्र पक्षाभिमान्यांनी कुंभारीला जाऊन बघावे. माकपचे नरसय्या आडम मास्तर विडी कामगारांच्या घरांसाठी आयुष्यभर भांडले. गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे मनमोहनसिंगांच्या काळात झाली. त्याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरे मोदींच्या पंतप्रधान आवास योजनेतून उभी राहू लागली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांनीच पंधरा हजार घरांचा पहिला टप्पा दिला. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले कामगाराचे स्वतःचे, काही बचत, काही बँकेचे कर्ज. मागणी डाव्यांची, योजना उजव्यांची, कर्ज बाईच्या नावावर. घर मिळाले. पण शहरापासून लांबच्या त्या वसाहतीत दवाखाना, शाळा, बस यांचा चालू खर्च कोणाच्या लेखाशीर्षात, हा प्रश्न घरांच्या किल्ल्या देताना कोणी विचारत नाही. बांधकामाचा पैसा एकदा येतो, डॉक्टरचा पगार दर महिन्याला लागतो.

तेव्हा तुमच्या 'बरे कोणाचे'ला माझे उत्तर तीन तुकड्यांत येते. रस्ते आणि बांधकामासाठी कर्ज काढण्यात सध्याच्या केंद्र सरकारची शिस्त आधीच्यांपेक्षा बरी आहे. खालच्या माणसाला हक्क कायद्याने देण्यात काँग्रेसचा वाटा मोठा आहे. राज्यात महायुती आणि आघाडी यांच्यात तुटीच्या बाबतीत मला फरक दिसत नाही, आणि आरोग्यात दोघेही स्टेंटचे पैसे देतात, गोळीचे देत नाहीत. यातले तुम्हाला काय जास्त लागते, ते तुमचे तुम्ही ठरवा. कारखान्यातल्या कामगारांचा पगार २१ हजारांच्या आत असेल आणि माणसे दहा किंवा जास्त असतील तर होटगी रोडच्या कामगार विमा रुग्णालयाचा हिशेबही यात धरा. ती आरोग्यसेवा तुमच्या सव्वातीन आणि कामगाराच्या पाऊण टक्क्यावर चालते आणि तिथे गोळीही मिळते. दहाच्या आत माणसे दिसावीत म्हणून एका शेडचे तीन युनिट करणारे मालक आपल्याकडे आहेत. त्यांनी सरकारी आरोग्यावर भाषण करताना जरा जपून करावे.

प्रचाराला उमेदवार दारात आले की पाच की पंचवीस हे विचारू नका. मागच्या वर्षी आरोग्याला मंजूर किती आणि प्रत्यक्ष सुटले किती, आणि जिल्ह्यातली वैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदे रिकामी आहेत, हे विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही. जो 'बघून सांगतो' म्हणेल आणि खरोखर बघून सांगेल, त्याचा पक्ष कोणताही असला तरी त्याला चहा पाजा.

स्वतः बघायचे असेल तर वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची पुस्तके असतात. सार्वजनिक आरोग्याची मागणी आर, वैद्यकीय शिक्षणाची एस. शीर्ष २२१० उघडा. उद्दिष्ट २१ समोर प्रत्यक्ष रकमा, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज असे रकाने दिसतील. प्रत्यक्ष रकमांचा रकाना दोन वर्षांपूर्वीचा असतो, म्हणून एका वर्षाचे पुस्तक पुरत नाही. सत्ताबदलाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन अशी चार पुस्तके शेजारी ठेवा. पहिल्यांदा वाचताना डोके फिरते. मराठी प्रत घ्या आणि आधी फक्त सोलापूरशी संबंधित ओळींवर पेन्सिलने खूण करा, बाकीचे तूर्त सोडून द्या.